डाव्या हाताची दोन बोटं

तिला सगळे ताईच म्हणायचे. सुरुवात धाकट्या भावाने केली, कारण ती त्याची खरोखरची ताई होती. मग बँडमधल्या बाकीच्यांनी ते उचललं, त्यांच्याकडून साउंडवाल्यांनी, आणि पुढे पुढे तर कार्यक्रमाच्या पोस्टरवरही 'तालवाद्ये : ताई' एवढंच छापून यायला लागलं. डोक्याचे सगळे केस पिकलेले आयोजक "ताई, चहा घेणार ना?" असं आदबीने विचारायचे. ती म्हणायची, "घेईन की. पण आजोबांनी ताई म्हणायचं म्हणजे अतीच झालं."

बँड चौघांचा. कीबोर्डवर कप्तान, बँड त्याने काढला म्हणून तो कप्तान. सॅक्सोफोनवर एक अबोल गृहस्थ. बेस गिटारवर धाकटा. आणि तालाला ही. वेगळा ड्रमर त्यांनी ठेवलाच नव्हता. समोर कोंगोचे दोन उंच ढोल, गुडघ्यांत बोंगोची छोटी जोडी, डाव्या घोट्याला बांधलेला खुळखुळा आणि डोक्याशी टांगलेल्या झांजा, एवढ्या संसारावर ती अख्खा बँड ओढून न्यायची. त्यांचं संगीत म्हणजे जॅझ फ्यूजन. जॅझची मोकळीक, विजेच्या वाद्यांचा दणका आणि सात-सात, अकरा-अकरा मात्रांचे आडवेतिडवे ताल. कप्तान चाली रचायचा खरा, पण त्या चालींना पाय फुटायचे ते ताईने हात लावल्यावर. त्यांच्या दुसऱ्या रेकॉर्डनंतर तर कुठल्या कुठल्या देशांतून बोलावणी आली. लोक कोंगोचा तुकडा सुरू झाला की खुर्च्यांवरून उठून पुढे यायचे.

एक माणूस मात्र कधी उठला नाही. तिचे मास्तर. मास्तर तरुणपणापासून एका मोठ्या हॉटेलच्या जेवणघरातल्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. दुपारी मोकळे असायचे, तेव्हा स्वतःच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी स्टूल टाकून त्यांनी शाळेतल्या या पोरीला शिकवलं. चामड्यावर हात ठेवू द्यायच्या आधी रबर लावलेल्या फळीवर किती महिने घासलं, ते तिचं तिला माहीत. मास्तर शिकवण्यात हातचं राखून ठेवायचे नाहीत. पण चांगलं म्हणायचं म्हटलं की त्यांची दातखीळ बसायची. फार खूश झाले तर "चालेल" म्हणायचे. हा शब्द तिच्या वाट्याला उभ्या आयुष्यात मोजक्या वेळा आला असेल, आणि प्रत्येक वेळी ती घरी उड्या मारत गेली होती.

मग तिच्या डाव्या हाताला काहीतरी व्हायला लागलं.

पहिल्यांदा ते जाणवलं कप्तानच्या गॅरेजमध्ये, तालमीच्या वेळी. अनामिका आणि करंगळी थाप पडायच्या ऐन क्षणी आत वळल्या. जणू कुणी दोरी ओढली. तिने हात झटकला, पुन्हा थाप मारली, बोटं पुन्हा वळली. दमले असेन, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. घरी जाऊन गरम पाण्यात हात बुडवून बसली. आई म्हणाली, "तेल लाव." तेल लावलं. दुसऱ्या दिवशी बोटं सरळ होती. कुलपात किल्ली फिरवताना सरळ, सुईत दोरा ओवताना सरळ, आईच्या गोळ्या डबीत घालताना सरळ. कोंगोला हात लागला रे लागला की आत.

कुणाला सांगितलं नाही. उलट सराव वाढवला. बोटं आपल्याला फसवतायत तर आपण त्यांना वठणीवर आणू, असा तिचा हिशोब. पहाटे उठून ती खोलीचं दार लावून घ्यायची आणि हात सुजेपर्यंत वाजवायची. जितकं वाजवायची तितकी बोटं जास्त घट्ट व्हायची. शेवटी झक मारत डॉक्टरकडे गेली. मज्जातंतूंचा डॉक्टर तरुण होता, पण समंजस. "वाद्य घेऊन या," म्हणाला. तिने बोंगो नेला.

"आधी नुसत्या टेबलावर वाजवा," डॉक्टर म्हणाला.

तिने वाजवलं. बोटं एकदम ठीक. तिला वाटलं, आता हा आपल्याला वेड्यात काढणार.

"आता बोंगोवर."

बोटं वळली.

"आता परत टेबलावर, पण मनात समजा की हा कोंगोच आहे."

तिने डोळे मिटले, तसं समजली, आणि टेबलावरही दोन्ही बोटं तळहाताला जाऊन चिकटली. डोळे उघडून तिने ते पाहिलं आणि उजव्या हाताने ती बोटं ओढून सरळ केली.

डॉक्टरने समजावून सांगितलं. हाताला काही झालेलं नाही. मेंदूत प्रत्येक बोटाची आपापली जागा असते. तेच ते काम वर्षानुवर्षं, अतिशय बारकाईने केलं की कधी कधी त्या जागांमधल्या भिंती पुसट होतात. मग एका बोटाला दिलेला हुकूम शेजारच्यालाही जातो.

"म्हणजे कमी सराव केला असता तर झालं नसतं?" तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाला, "कदाचित."

इंजेक्शनं घेतली. त्यांनी बोटं वळायची थांबली, पण लुळी पडली. थाप अशी पडायची की ओलं फडकं आपटल्यासारखा आवाज यायचा. दुसरा उपाय होता वाद्य पूर्ण बंद करायचं आणि काही काळाने पहिल्यापासून, लहान मुलासारखं, एकेक बोट शिकायचं. त्याला वर्षं लागतात, आणि तरी खात्री नाही. पुढच्या महिन्यात चार गावांचे कार्यक्रम ठरले होते. तिने डॉक्टरचे आभार मानले आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही.

मग लपवाछपवी सुरू झाली. डाव्या हाताची कामं तिने उजव्यावर टाकली. जिथे बोटांची थाप होती तिथे काठी घेतली. जुन्या चालींमध्ये काय काय गाळलंय हे श्रोत्यांना कळत नव्हतं. एके दिवशी कार्यक्रमात तिच्या लक्षात आलं, की तिने गाळलेल्या जागा मोकळ्या पडतच नाहीयेत. धाकटा बेसवर तिथे हलकेच एकेक सूर टाकत होता, तिची निसटलेली थाप जिथे पडली असती बरोबर तिथे. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून वाजवत होता. म्हणजे त्याला कळलं होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. दोघं एकाच गाडीतून घरी आले, पण त्याने विषय काढला नाही आणि तिनेही नाही.

पण झाकून झाकून किती झाकणार? एका मोठ्या मैदानावरच्या महोत्सवात, भर उन्हातल्या कार्यक्रमात, सात मात्रांच्या चालीत तिचा एकटीचा तुकडा आला. हा तुकडा म्हणजे तिची ओळख. लोक त्याचीच वाट बघत होते. अर्ध्यावर डावा हात मुठीसारखा मिटला आणि उघडेना. ती उजव्या हाताने रेटत राहिली, सम हुकली, कप्तान एकीकडे येऊन पडला, सॅक्सोफोन दुसरीकडे. दोन-तीन आवर्तनं नुसता गोंधळ. मग धाकट्याने बेसवर ताल धरला आणि सगळे कसेबसे एकत्र आले. मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, फ्यूजन आहे, असंच असतं.

त्या टाळ्यांनी ती जास्त खचली.

कप्तान आठवडाभराने घरी आला. आईची चौकशी केली, चहा घेतला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. मग म्हणाला, "ताई, दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी आपण तुझं प्रत्येक वाद्य वेगवेगळं ध्वनिमुद्रित केलं होतं, आठवतं? सगळं अजून माझ्याकडे आहे. एकेक थाप सुटी. लॅपटॉपवरून सोडता येईल."

"आणि मी?"

"तू बस की. तुझ्या जागेवरच. खुळखुळा वाजव, झांजा वाजव. कोंगोचे माइक बंद ठेवू. हात फिरवत राहायचं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीच नको म्हटलं असतं. पण हे तुझंच वाजवणं आहे."

"लोकांना कळेल."

"कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"तुला कळलं तर काय बिघडलं?" कप्तान म्हणाला. वाईट हेतूने नाही. त्याला खरंच वाटत होतं की त्याने तिला वाचवलं.

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर उद्या सकाळी उठून काय करायचं, हे तिला समजेना. लहानपणापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं. ती हो म्हणाली.

वाजवण्याचं नाटकही मेहनतीचंच असतं. रेकॉर्डमधली ताई तरुण होती. मनाला येईल तिथे वळायची, समेच्या तोंडावर येऊन मागे फिरायची, वाटेल तेव्हा जीव टांगणीला लावायची. आताच्या ताईला ते सगळं पाठ करावं लागलं. हात चामड्यापासून केसभर वर थांबवायचे. तिथेही डावी बोटं आत वळायचीच, म्हणून प्रकाशयोजनेवाल्याने त्या बाजूचा दिवा मंद केला. कार्यक्रम चांगले व्हायला लागले. कप्तान खुलला. सॅक्सोफोनवाले गृहस्थ, जे कधी बोलायचे नाहीत, तेही एकदा म्हणाले, "जुने दिवस आले." ताई त्या आवाजाच्या मागे मागे हात नेत राहायची, आणि तिला त्या दुसऱ्या बाईचा मनापासून हेवा वाटायचा.

अशाच एका दुपारच्या कार्यक्रमाला मास्तर आले.

त्यांनी बाहेर पडणं कधीच सोडलं होतं. डोळ्यांना धूसर दिसायचं, चालताना मुलीचा हात धरावा लागायचा. पण सभागृह घराजवळ होतं आणि पोस्टरवर नाव वाचून मुलीने त्यांना आणलं. ताईला ते पडदा उघडल्यावर दिसले. दुसऱ्या रांगेत, मान एका बाजूला कलती ठेवून, पूर्वी स्वयंपाकघरात बसायचे तसे. तिला वाटलं, उठून निघून जावं. पण कप्तानने चार आकडे मोजले, आणि लॅपटॉपमधून तिचे हात सुरू झाले.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर आत आले. खोलीत सगळेच होते. त्यांनी चाचपडत तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"पोरी, आज वाजवलंस," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी तुला नुसत्या चुका काढून दाखवल्या. आज चूक शोधली, सापडली नाही. तो सातचा तुकडा. मी जन्मभर वाजवलं, पण मला तसा नाही आला कधी."

मुलगी म्हणाली, "बाबा, बसा." ते बसले नाहीत. ताईने तोंड उघडलं. कप्तान तिच्याकडे बघत होता, धाकटा केबल गुंडाळायच्या निमित्ताने पाठ करून उभा होता.

"थँक्यू, मास्तर," ती म्हणाली.

ते गेल्यावर ती न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आल्यावर तिने कप्तानला सांगितलं, "यापुढे मी बसणार नाही."

कप्तानने तिला समजावलं, विनवलं, थोडा रागावलाही. ती बधली नाही. तेव्हा तो हळूच म्हणाला, "बरं. पण मग रेकॉर्डिंग वापरलेलं चालेल ना? तुझं नाव देऊ, अर्थात."

वीस-बावीस वर्षं एकत्र वाजवलेला माणूस. तो तिला थांबवत नव्हता. परवानगी मागत होता. तिला हसूच आलं. "वापरा," ती म्हणाली.

परतताना गाडीत धाकट्याने शेवटी तोंड उघडलं. "ताई, तू म्हणालीस तर मीही सोडतो."

"मी म्हणायला हवं का?"

तो गाडी चालवत राहिला. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही."

"माहीत आहे. मीच शिकवलंय ना तुला. वाजव तू."

हे ती मनापासून बोलली की त्याने वेगळं काही म्हणावं म्हणून बोलली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तो मात्र सुटल्यासारखा झाला. त्याचे खांदे सैल पडलेले तिने पाहिले. त्यानंतर तो दर रविवारी घरी यायचा. आईचा रक्तदाब, गळका नळ, वरच्या मजल्यावरच्यांची भांडणं, सगळ्यावर बोलणं व्हायचं. बँडवर नाही.

मास्तरांच्या मुलीचा फोन आला तो या सगळ्यानंतर काही महिन्यांनी. मास्तर आता अंथरुणाला खिळले होते. "बाबा येईल त्याला तुमच्या त्या कार्यक्रमाचं सांगतात," मुलगी म्हणाली. "एकदा येऊन समोर वाजव म्हणतात. याल का?"

ताईने ठरवलं, की आता खरं सांगून टाकायचं. हे ओझं घेऊन जगणं होत नव्हतं. सकाळी बोंगो घेऊन ती गेली. मास्तरांचा पलंग खिडकीशी होता. त्यांनी तिला ओळखलं, हसले.

"सातचा वाजव."

तिने वाजवला. जसा येत होता तसा. उजवा हात धावत होता आणि डावा मागे लंगडत होता, दोन बोटं मुडपलेली. मास्तर मान कलती करून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी थबकलं, मग गेलं. तिने हात थांबवले.

"हाताला काय झालं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. डॉक्टर, इंजेक्शनं, लॅपटॉप, सगळं.

"म्हणजे त्या दिवशी तू वाजवतच नव्हतीस?"

"वाजवणारी मीच होते, मास्तर. पण ते जुनं. दहा-बारा वर्षांपूर्वीचं."

तिला वाटलं, आता शिव्या देतील. शिव्या दिल्या तर बरं, असंही वाटलं.

"ती रेकॉर्ड तू मला आणून दिली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"मी ऐकली होती."

"हो, मास्तर."

"काय म्हणालो होतो?"

तिला ते शब्दन् शब्द आठवत होतं. "आठवत नाही," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. काय म्हणालो होतो?"

"घाई करतेस म्हणालात. लोकांना खूश करायला वाजवतेस म्हणालात."

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. "तेव्हाच ते तसं होतं," ते म्हणाले. "तसंच्या तसं. आणि मी असं बोललो." मग चेहरा भिंतीकडे वळवला. तिने हाक मारली, खांद्याला हात लावला. "जा आता, पोरी," एवढंच म्हणाले.

जिना उतरताना तिला कळलं, आपण काय केलं ते. ओझं उतरवायला गेलो आणि म्हाताऱ्याच्या उरावर ठेवून आलो. मास्तर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. अंत्यविधीला मुलगी रडत रडत म्हणाली, "तुम्ही येऊन गेल्यावर बाबांनी उशाजवळचा रेडिओ काढून न्यायला सांगितला. परत ऐकायला मागितलाच नाही. तुम्हाला काही बोलले होते का?" ताई नाही म्हणाली.

त्यानंतर तिने कोंगो पलंगाखाली सरकवून दिले. वाद्यांच्या एका दुकानात सकाळी कामाला जायला लागली. सैल चामडं ताणून बसवायचं, फुटलेल्या कड्या बदलायच्या. पान्याने नट आवळताना तिची दाही बोटं शहाण्यासारखी वागायची. वाद्य जुळलं की नाही ते बघायला मात्र थाप मारावी लागते. ते ती मालकाला करायला सांगायची.

एका रविवारी धाकटा आला तो जरा अवघडलेला होता. आईशी बोलून झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"ताई, बँडमध्ये एक मुलगी घेतली आहे. कोंगोला. चांगली आहे. तुझ्या रेकॉर्डवरूनच शिकली म्हणते."

"चांगलं झालं. लॅपटॉपपेक्षा माणूस बरा."

"तिला त्या सातच्या तुकड्यात एक जागा सापडत नाहीये. मधे डाव्या हाताने तू काहीतरी करतेस, आणि वाटतं की मात्रा एक वाढली. पण वाढलेली नसते. आम्ही सगळ्यांनी डोकं फोडलं. तू नुसतं तोंडाने सांगितलंस तरी चालेल."

"ऐकव," ताई म्हणाली.

त्याने फोन टेबलावर ठेवला. तिने ऐकलं. ती जागा आली आणि गेली. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा आली, गेली. तिने बोल तोंडाने म्हणून पाहिले, टेबलावर उजव्या हाताने धरून पाहिले. डोळे मिटून त्या दिवशीचा स्टुडिओ आठवला. काचेपलीकडचा कप्तान आठवला, पाण्याची बाटली आठवली. हात काय करत होता ते आठवेना. तिने ते कधी डोक्यात ठेवलंच नव्हतं. ते बोटांत होतं.

"पुन्हा लाव."

त्याने लावलं. एखाद्या परक्या बाईचं वाजवणं ऐकावं तसं ती ऐकत राहिली. सुंदर होतं. कसं केलं असेल हिने, असं तिच्या मनात आलं.

"नाही येत सांगता," ती म्हणाली. "मला आठवत नाही."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. "तुझा तुकडा तुला आठवत नाही?"

"नाही."

"ताई, सांगायचं नसेल तर तसं सांग ना. मी समजू शकतो. आम्ही जे वागलो..."

"अरे, खरंच आठवत नाही."

त्याने फोन उचलून खिशात टाकला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला भांडता तरी आलं असतं. नुसतं वाईट वाटलं होतं त्याला, तिच्याबद्दल. "बरं," तो म्हणाला. "तिला सांगतो, ताईलाही जमत नाही म्हणून." आणि चपला घालून गेला. ती त्याच्यामागे दारापर्यंत गेली, पण काय म्हणून थांबवावं ते तिला सुचलं नाही.

आतून आईने विचारलं, "गेला का? काय म्हणत होता?"

"काही नाही."

"चहा न घेताच?"

"हो," ताई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.